साकवाखालचा येसाजी

खैराच्या कोंडावर जायचं तर आधी साकव ओलांडावा लागे. बोर्ली पंचतनहून येणारा रस्ता खाडीच्या फाट्यापाशी संपायचा, आणि पलीकडच्या काठावर कोंडाची बेचाळीस घरं. मधलं पाणी फार रुंद नाही, पण भरतीला पुरुषभर चढतं आणि ओहोटीला मांडीभर गाळ मागे ठेवतं. त्या पाण्यावरच्या लाकडी साकवाला छप्पर होतं. दोन्ही बाजूंना उतरतं, कौलारू. साकव मी कोकणात पुष्कळ पाहिलेत, छपराचा हा एकच. बाहेरचा कुणी आला की विचारायचा, पुलावर घर कशाला बांधलंय? कोंडावरचे लोक हसून सांगायचे, "येसाजीला इचारा."

मी २०१५ साली त्या भागात आरोग्यसेविका म्हणून लागले. लशींचा डबा खांद्याला अडकवून आठवड्यातून दोनदा कोंडावर जायचे. येसाजी भुवड मला पहिल्याच आठवड्यात भेटला. साठीकडे झुकलेला, काटकुळा माणूस साकवावर गुडघे टेकून फळ्यांना काळपट तेल चोळत होता. वास इतका उग्र की मी नाकाला पदर लावला.

"मोरी माशाचं तेल हाय, ताई," तो म्हणाला. "होड्यांना लावतात. वास आठ दिस ऱ्हातो, लाकूड वीस वर्सं ऱ्हातं."

साकवाची गोष्ट मला त्यानं सलग कधी सांगितली नाही. येता-जाता तुकड्या-तुकड्यानं कळत गेली. पूर्वी तिथे पोफळीचे सोट आडवे टाकलेले असायचे. दर पावसात ते वाहून जायचे, दर दिवाळीनंतर गाव नवे टाकायचं. येसाजीची थोरली बहीण वेणूबाई माहेरपणाला आली होती. आषाढात डोक्यावर भाताच्या रोपांची पेंढी घेऊन जाताना ती त्या सोटांवरून घसरली. दोन दिवसांनी खारफुटीत सापडली. येसाजी तेव्हा दिघीला होड्या बांधणाऱ्या एका मिस्त्रीकडे कामाला होता, बावीस-तेवीस वर्षांचा. बहिणीचे दिवस झाले आणि तो परत दिघीला गेलाच नाही. घरोघर फिरून म्हणाला, परत्येकानं आपल्या बांधावरचं एक झाड द्या. खांबांना किंजळ, तुळयांना ऐन. पैसे त्यानं कुणाकडे मागितले नाहीत आणि कुणी दिलेही नाहीत.

दोन उन्हाळे काम चाललं. पहिला खांब खांद्यावर वाहून आणला तो येसाजीनं आणि त्याच्याच वयाच्या बाबाजीनं. दोघे एकत्र गुरं राखलेले, एका होडीतून मासे मारलेले. पुढे बाबाजी गावकीचा अध्यक्ष झाला. प्रत्येक खांब ज्याच्या झाडाचा, त्याच्या घराच्या नावानं ओळखला जाई. मधल्या दोन खांबांतला एक बाबाजीचा आणि एक येसाजीच्या शेजारणीच्या, मैनाच्या सासऱ्याचा, म्हणून मैनाचा. छपराचा आग्रह मात्र एकट्या येसाजीचा होता.

"लाकडाला पान्याचं भ्या न्हाय," तो मला समजावून सांगायचा. "पान्यात लाकूड सुखानं ऱ्हातं. वरनं भिजलं, सुकलं, परत भिजलं, की मरतं. म्हनून डोक्यावर छप्पर पायजे."

त्या छपराखाली कोंडाचं निम्मं आयुष्य जाई. बाजाराला निघालेल्या बायका तिथे एसटीची वाट बघत बसत. वरातीत नवरी तिथे टेके. एका मुसळधार दिवशी मी तिथेच अकरा पोरांना लस टोचली होती आणि येसाजी शेजारी उभा राहून रडणाऱ्या पोरांना टेकूची पाचर कशी ठोकतात ते दाखवत होता. त्याची बायको ठमाबाई साकवाला 'माजी सवत' म्हणायची. हसायला आणि भांडायला सारखीच तयार असलेली बाई. मी गेले की डब्यावर दोन केळी ठेवायची आणि म्हणायची, "आमचं ह्ये सवतीकडं गेल्यात. च्या घ्या तवर."

२०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धनच्या पोफळीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. साकवाची कौलं पत्त्यांसारखी उडाली आणि मधले दोन खांब कंबरेत तडकले. येसाजीनं छपरावर माडाची झापं आणि प्लास्टिक बांधलं, पण खांबांचं काम एकट्याचं नव्हतं. तो गावकीपुढे गेला. दोन नवी खोडं आणि आठ दिवस दहा माणसं द्या म्हणाला. गावकीनं सांगितलं, आता सिमेंटचा पूल मंजूर होणार आहे, या जुन्या लाकडात कशाला जीव घालायचा? दीड वर्ष असंच गेलं.

२०२२ च्या शिमग्यात पालखी निघाली. करोनाची दोन वर्षं सण दबलेला, त्यामुळे मुंबईची सगळी पोरं गावी आलेली. देवाचं देऊळ रस्त्याच्या बाजूला. पालखी तिथून साकवावर यायची, छपराखाली ढोल वाजायचे, फळ्यांवर पालखी नाचवायची आणि मग कोंडावर घरोघर जायची, ही चाळीस वर्षांची रीत. पालखी साकवाच्या तोंडाशी आली तर तिथे आडवा बांबू आणि बांबूमागे येसाजी.

"चार जन पालखी घेऊन या," तो म्हणाला. "बाकीच्यांनी ओहोटीचं खालनं या. आनि वर नाचवू नका. मधलं खांब ऱ्हायचं न्हाईत."

"देवाला अडवतोस?" बाबाजीनं विचारलं.

"देवाला न्हाय. पन्नास मानसांला अडवतोय."

पोरं प्यायलेली होती. कुणी शिव्या दिल्या, कुणी बांबू ओढला. येसाजी हटला नाही. तासभर पालखी उन्हात उभी राहिली आणि मग माघारी गेली. कोंडाच्या इतिहासात पहिल्यांदाच पालखी न येता शिमगा झाला.

आठव्या दिवशी गावकी बसली. येसाजीनं देवळासमोर नाक घासून माफी मागावी असं ठरलं. तो म्हणाला, "चूक केली आसती तं दोनदा घासलं आसतं." तेवढ्यावर त्याला वाळीत टाकलं. कुणी त्याच्याशी बोलायचं नाही, दुकानातून मीठ द्यायचं नाही, गिरणीवर दळायचं नाही, विहिरीचं पाणी बंद, लग्नाला-मयताला बोलावणं बंद. शेवटची अट एका मुंबईच्या पोरानं सुचवली आणि सगळ्यांना आवडली. येसाजीनं आणि त्याच्या घरच्यांनी साकवावर पाय ठेवायचा नाही.

मला हे सगळं मैनानं सांगितलं. तिचं घर येसाजीच्या घराला लागून होतं. सांगताना ती कुडाआडून येसाजीच्या अंगणाकडे बघत होती. मग म्हणाली, "ताई, तुमी त्यांच्याकडं जा, तुमची नोकरी हाय. पन त्यांच्याकडनं आमच्याकडं येऊ नका." त्या दिवसापासून मी भुवडांचं घर सगळ्यात शेवटी घेऊ लागले. पुढे पुढे उशीर झाला की घेईनाशी झाले. हे मी लपवून ठेवणार नाही.

पावसाळ्यात त्या दोघांनीच लावणी केली. पूर्वी कोंडावर एकाच्या शेतात दहा हात असायचे. आता येसाजी चिखलणी करायचा आणि ठमाबाई ओणवी होऊन एकटी रोपं लावायची. संध्याकाळपर्यंत कंबर सरळ होत नसे. बाजाराला जायचं तर ओहोटीची वेळ साधायची, लुगडं वर खोचून गाळातून उतरायचं आणि डोक्यावर साकव. भरती लागली तर पलीकडेच बसून राहायचं. वरून जाणारी माणसं खाली बघत नसत. पोरं मात्र बघत. एकदा त्यांनी वरून ठमाबाईच्या अंगावर शेण टाकलं. तिनं मान वर करून पोरांच्या बापांची नावं एकेक घेऊन शिव्या दिल्या. मी तेव्हा साकवावरच होते, पावलं उचलत पुढे निघून गेले.

त्या दोघांना एकच मुलगी, मृणाल. ती नवरा साहिलबरोबर पनवेलला राहायची आणि तिथेच एका कारखान्यात काम करायची. ती येऊन आईबापांना घेऊन जायला बघायची. ठमाबाई तयार होती. येसाजी म्हणायचा, भात उभं हाय. भात कापून झालं तरी तो गेला नाही. का गेला नाही, ते मला जानेवारीत कळलं.

सकाळी दहाच्या सुमारास मी साकवावरून जात होते. ओहोटी होती. खालून ठोकण्याचा आवाज आला म्हणून वाकून पाहिलं. येसाजी मांडीपर्यंत गाळात उभा होता. तडकलेल्या खांबाला त्यानं किंजळाचं नवं खोड बिलगून उभं केलं होतं आणि दोन्हींना मिळून लोखंडी पट्टा आवळत होता. काठावर ठमाबाई बसलेली. तिच्या पायाशी पाचरांचा ढीग.

"काका, हे काय करताय?" मी विचारलं. पाचसहा महिन्यांत त्याच्याशी बोललेलं माझं ते पहिलं वाक्य.

"मैनाचा खांब कंबरंत गेलाय. त्याला जोड देतोय."

"तुम्हाला साकवावर बंदी आहे ना?"

"वर पाय ठिवायची बंदी हाय. खालची कुनी घातली न्हाय."

ठमाबाई उसळली. "ऐका, ताई, ऐका! ज्यांनी हिरीचं पानी तोडलं, त्यांच्या पायाखालचं लाकूड धरून बसलाय ह्यो मानूस. आपल्या बांधावरचं झाड तोडून आनलं! मी म्हंते पडू दे की येकदा. पालखी नाचवताना पडू दे. मंग कळंल कोन खरं बोलत व्हतं."

"पालखीच्या दिशी पडंल आसं लिवून दिलंय का त्यानं?" येसाजी पट्टा आवळतच म्हणाला. "शाळंची पोरं जातात रोज. आपली मृनाल ह्याच्यावरनंच शाळंत गेली."

"त्याच पोरांनी शेन टाकलं माज्यावर. पडतील तं पडू देत."

 येसाजीनं तिच्याकडे हात पुढे केला. तिनं ढिगातली एक पाचर उचलून गाळात उतरून त्याच्या हातात दिली. जवळजवळ महिनाभर ओहोटीच्या वेळी ते दोघं असे साकवाखाली असायचे. आवाज कोंडावर ऐकू जात असणारच. पण ज्याच्याशी बोलायचं नाही तो काय करतोय हे विचारणार कोण? आणि मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, सांगितलं तर तेही बंद करतील.

मार्चमध्ये शिमगा आला. या वेळी पालखी वाजतगाजत साकवावर चढली. मीही बघायला थांबले होते. साठ-सत्तर माणसं छपराखाली, ढोल, गुलाल, पालखी खांद्यावरून खांद्यावर उडत होती. फळ्या थरथरत होत्या. येसाजी खाली काठावर, खारफुटीच्या बाजूला उभा होता. तो पालखीकडे बघत नव्हता. त्याची नजर खांबांवर होती आणि मान जराशी तिरकी, ऐकल्यासारखी.

खांब हलले नाहीत.

बाबाजी कठड्यावर रेलला आणि खाली ओरडला, "अरं, पडला बग तुजा साकव!"

सगळे हसले. साठ माणसं एकदम हसली की छपराखाली मोठा आवाज होतो. कुणीतरी वरून गुलाल फेकला, तो येसाजीच्या डोक्यावर पडला. गेलं वर्षभर ज्यांच्या मनात थोडी शंका होती, येसाजी बरोबर असेल अशी, त्यांचीही त्या दिवशी मिटली. येसाजी खोटारडा, देवाला उगाच अडवणारा, हे डोळ्यांनी दिसलं होतं. ठमाबाई नवऱ्याकडे बघत राहिली. "मी सांगत व्हते," एवढंच म्हणाली. येसाजीनं डोकं झटकलं आणि तिला म्हणाला, "डावीकडचा जरा करकरला. पाचर बसली न्हाय नीट." दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गाळात उतरला.

श्रावण उजाडला. सकाळची वेळ, पाऊस थांबून थांबून कोसळत होता आणि फाटा भरतीनं काठोकाठ आलेला. मी रस्त्याच्या बाजूनं साकवावर पाय टाकला तेव्हा पलीकडच्या टोकाला माणसं जमलेली दिसली. जवळ गेले तर येसाजी. त्याच्या पाठीवर ठमाबाई. शेतात तण बेणताना तिला नाग चावला होता. पायाला घोट्याच्या वर कापड आवळून बांधलेलं, आणि डोळ्यांच्या पापण्या खाली उतरायला लागलेल्या.

समोर तीन-चार तरणे गडी वाट अडवून उभे होते. हात कुणी लावत नव्हतं. नुसते उभे होते.

"अरे, सोडा त्यांना!" मी ओरडले. "साप चावलाय. अर्धा तासही हातात नाही."

"आमी कुटं धरलंय?" त्यातला एक म्हणाला. "गावकीनं सांगितलंय. अध्यक्षांना इचारा."

मी अँब्युलन्सला फोन केला. ती बोर्लीहून निघाली. तेवढ्यात बाबाजीला कुणीतरी बोलावून आणलं. छत्री घेऊन आला. ठमाबाईकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला हे मी पाहिलंय. त्याच्या लग्नात ठमाबाईनं त्याला हळद लावली होती.

"बाबाजी," येसाजी म्हणाला, "मला नग जाऊ दे. हिला ने."

"माफी माग," मागून एक पोरगा म्हणाला. "आधी माफी."

येसाजीनं बायकोला साकवाच्या पहिल्या फळीपाशी खाली ठेवलं. चिखलात गुडघे टेकले आणि कपाळ बाबाजीच्या पायांवर ठेवलं. नाक घासलं. एकदा, दोनदा. ज्या माफीसाठी दीड वर्ष त्यानं सगळं सोसलं ती त्यानं अशी पावसात, एका श्वासात मागितली.

बाबाजी मागे सरकला. त्यानं मागच्या पोरांकडे पाहिलं. पोरं त्याच्याकडे बघत होती. "उठ रे," तो म्हणाला. "माज्या येकट्याच्या हातात हाय का? गावकी बसल्याबिगर मी येकटा कसा सोडू? दुपारी सगळ्यांना बोलावतो."

"दुपारपर्यंत ती राहणार नाही," मी म्हणाले. "बाबाजीभाऊ, मी पोलिसांना फोन लावते आता."

"लावा," एक पोरगा शांतपणे म्हणाला. "मंग कोंडावर सुई टोचायला कशा येता ते बगू."

माझ्या हातात फोन होता. नंबर लावलेला होता. मी तो पर्समध्ये ठेवला. त्यानंतर मी खाली बसून ठमाबाईचा हात धरला आणि तिला सांगितलं, घाबरू नका काकी, गाडी येतेय. तिला बोलता येत नव्हतं. तोंडातून लाळ येत होती.

येसाजी उठला. आता तो कुणाकडेच बघत नव्हता. ठमाबाईला त्यानं पाठीवर घेतलं, डोक्याच्या पंच्यानं स्वतःच्या अंगाला घट्ट बांधलं आणि काठावरून सरळ पाण्यात उतरला. भरती पुरी होती. गळ्याइतकं पाणी, मग हनुवटीइतकं. तो साकवाच्या खाली गेला. एका खांबाला मिठी मारायचा, दम घ्यायचा आणि पुढच्या खांबाकडे झोकून द्यायचा. मधल्या दोन खांबांपाशी लोखंडी पट्टे होते, तिथे त्याला धरायला मिळालं. मी वरून धावत होते. फळ्यांच्या फटींतून त्याचं डोकं दिसायचं आणि त्याच्या खांद्यावर ठमाबाईचे पांढरे केस, कधी पाण्यावर, कधी पाण्याखाली. माझ्या मागे-पुढे माणसं उभी होती. कुणी उडी मारली नाही.

पलीकडे मी आणि अँब्युलन्सच्या चालकानं दोघांना वर ओढलं. ठमाबाई तेव्हा जिवंत होती. बोर्ली गाठायच्या आधी ती गेली. नागाचं विष म्हणायचं की छातीत गेलेलं पाणी, ते कागदावर काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. मी त्या गाडीत नव्हते. लशींचा डबा घेऊन मी कोंडावर परत गेले. त्या दिवशी माझं सत्र होतं.

कोंडाच्या स्मशानात न्यायचं तर पुन्हा साकव. म्हणून तिला बोर्लीतच जाळलं. खांद्याला येसाजी, साहिल, अँब्युलन्सचा चालक आणि रिक्षास्टँडवरचा एक अनोळखी माणूस.

मृणालनं दुसऱ्या दिवशी पोलिसांत तक्रार दिली. वाळीत टाकण्याविरुद्ध आता कायदा आहे, हे तिला ठाऊक होतं. पोलीस कोंडावर आले. बाकीच्या एक्केचाळीस घरांनी एकच सांगितलं. वाळीत कुणी टाकलं नव्हतं, तो स्वतःच पाण्यात उतरला, त्याचं डोकं फिरलंय. मग मला बोलावलं. समोर मृणाल बसली होती, पांढरा पंजाबी ड्रेस, हातात रुमालाची गुंडाळी. मी जबाब दिला की मी उशिरा पोहोचले, तेव्हा ते पाण्यात होते, आधीचं मी काही पाहिलं नाही. लिहून घेणाऱ्यानं वाचून दाखवलं आणि मी खाली सही केली. 'हेमांगी' हे नाव मी त्या दिवशी फार सुवाच्य काढलं. मृणाल उठून गेली.

तरीही खटला उभा राहिला असता, कारण येसाजीचा जबाब होता. त्यानं सगळं जसंच्या तसं सांगितलं होतं, नावांसकट.

पुढच्या थंडीत सिमेंटचा पूल तयार झाला, साकवाच्या शेजारीच. साकव पाडायला एक जेसीबी आला. अर्ध्या तासात चाळीस वर्षांचं काम खाली आलं. लाकूड चांगलं म्हणून लोक वाटून घेऊन जाऊ लागले. मधले दोन खांब उपसले तेव्हा त्यांना बिलगलेली नवी खोडं वर आली, पट्ट्यांनी आवळलेली, पाचरा ठोकलेली, सगळ्याला मोरीचं तेल चोळलेलं. जेसीबीवाला म्हणाला, "हे कोणी केलं? भारी काम आहे." बाबाजी तिथेच उभा होता. त्यानं जवळ जाऊन पट्ट्यावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला. त्याला कळलं, सगळ्यांनाच कळलं. गेल्या शिमग्यात आपण कुणाच्या खांद्यावर नाचलो ते समजायला तिथे कुणाला शिक्षण लागत नव्हतं. 

"पट्टं नीट काढा," बाबाजी म्हणाला. "दोनी खोडं माज्या गोठ्याला होतील."

त्या रात्री की दुसऱ्या दिवशी, तो येसाजीच्या घरी गेला. नारळ घेऊन. पुलाच्या उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते आणि गावावर तक्रार चालू असणं बरं दिसत नव्हतं. बाबाजी त्याला काय म्हणाला ते मला मैनानं सांगितलं, कुडाला कान लावून ऐकलेलं. म्हणाला, "येसाजी, ठमी गेली ती काय येत न्हाय. तू तरी मानसांत ये."

चार दिवसांनी येसाजीनं तालुक्याला जाऊन जबाब फिरवला. मुलीनं दुःखात तक्रार केली, मला कुणी वाळीत टाकलं नव्हतं, बायकोला घेऊन मी घाईत पाण्यात उतरलो. खाली अंगठा.

उद्घाटनाला मांडव होता. येसाजी मागच्या रांगेत खुर्चीवर बसला होता, इस्त्रीचा सदरा घालून. गावकीनं आणलेल्या जेवणावर बसला. बायका त्याला वाढत होत्या. मैनानं आग्रह करून दुसरी जिलबी वाढली, ती त्यानं खाल्ली. मला ते बघवेना. जेवण झाल्यावर मी त्याला गाठलं.

"काका, का आलात?"

त्यानं हात धुतले, पंच्याला पुसले. "ताई, दोन वर्सं मला नावानं कुनी हाक मारली न्हवती. ठमी 'अवो' म्हनायची, तेवडीच हाक. ती गेल्यावर मी आरशासमोर हुबा ऱ्हाऊन आपलंच नाव घेऊन बगायचो, आवाज कसा येतो ते. बाबाजीनं दारात येऊन हाक मारली." पंचा खांद्यावर टाकून म्हणाला, "आलो."

मृणालला जबाब फिरवल्याचं वकिलाकडून कळलं. तिनं बापाला फोन केला नाही. मला केला. रागावली नव्हती, आवाज अगदी सपाट होता. "तुम्ही खरं सांगितलं असतंत ना हेमांगीताई, तर बाबांच्या एकट्याच्या जबाबावर सगळं नसतं. त्यांना खोटं बोलायची पाळी आली नसती." मी काहीतरी बोलायला लागले, तेव्हा ती म्हणाली, "राहू दे," आणि फोन ठेवला.

येसाजी अजून कोंडावर राहतो. त्याच्या लावणीला आता दहा हात येतात. दुकानात मीठ मिळतं. लग्नात त्याला पहिल्या पंगतीला बसवतात, जरा जास्तच मान देतात. सुताराचं काम त्यानं सोडलंय. हात थरथरतो म्हणतो, पण मी त्याला भात कापताना पाहिलंय, हात थरथरत नाही.

माझी बदली झाली. जायच्या आधीच्या शेवटच्या फेरीला तो मला नव्या पुलावर भेटला. पुलाला छप्पर नाही. आम्ही दोघं उन्हात उभे होतो.

"ताई, येक काम करा," तो म्हणाला. "माज्या फोनवरनं मृनाल उचलत न्हाय. साहिल बी उचलत न्हाय. तुमच्यावरनं लावा."

माझाही ती उचलणार नाही, हे मला माहीत होतं. पण नव्या जागेसाठी मी नुकताच नंबर बदलला होता. तिच्याकडे तो नव्हता. मी लावला. तिनं लगेच उचलला. "हॅलो, कोण बोलतंय?"

मी फोन येसाजीच्या कानाला लावला.

"मृनाल," तो म्हणाला. "मी. बाबा."

पलीकडून कारखान्यातल्या यंत्रांचा आवाज मलाही ऐकू येत होता, इतका वेळ ती धरून होती. मग फोन बंद झाला.

येसाजीनं फोन पुसून माझ्या हातात परत दिला आणि रक्तदाबाच्या गोळ्या संपल्यात, नव्या बाई कधी येणार, असं विचारलं.